जपान दिवस आणि झाडू : पुण्यातल्या एका शाळेचं प्रकरण

शाळा आणि पार्श्वभूमी

पुण्याच्या एका उपनगरातली ही अनुदानित मराठी शाळा, पहिली ते दहावी. पालकांमध्ये चाकणच्या कारखान्यांतले कामगार आहेत, रिक्षावाले आहेत, किराणा दुकानदार आहेत, धुणीभांडी-फरशीची कामं करणाऱ्या बायका आहेत, महापालिकेचे सफाई कामगार आहेत आणि थोडे बँकेत किंवा आयटीत नोकरीला असलेलेही आहेत. शिक्षक प्रशिक्षणाच्या निमित्ताने माझं या शाळेत येणं-जाणं असतं. एप्रिलमधल्या पहिल्या बैठकीपासून दिवाळीनंतरपर्यंत हे सगळं मी जवळून पाहिलं. शाळेचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. माणसांचा उल्लेख त्यांच्या कामावरून केला आहे.

शाळेत दरवर्षी एका देशाचा ‘संस्कृती दिवस’ होतो. आधीच्या वर्षी फ्रान्स झाला होता. त्याचा साचा ठरलेला होता: प्रवेशद्वाराशी झेंडा, भाड्याचे पोशाख, एक नाच, खाण्याचे चार स्टॉल, पाहुण्यांचं भाषण. सातवीच्या मुलांना मी फ्रान्सबद्दल विचारलं तेव्हा आयफेल टॉवरच्या पुढे कुणी गेलं नाही. पुठ्ठ्याचा तो टॉवर मात्र स्टाफरूमच्या कपाटावर अजून उभा होता.

या वर्षी जपान निवडायला कारणं होती. पुण्याचं आणि जपानचं नातं कागदावरचं नाही. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग २००६ साली खुली झाली, ती ओकायामा शहरातल्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर बांधलेली आहे, आणि कोराकुएन १७०० साली पूर्ण झालेली. जपानी भाषा शिकणारी मुलं पुण्यात गल्लोगल्ली सापडतात. चाकण आणि रांजणगावच्या जपानी कंपन्यांत काम करणाऱ्या वडिलांच्या तोंडी ‘कायझेन’ (कामात सतत थोडी थोडी सुधारणा) आणि ‘फाइव्ह एस’ (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची पद्धत) हे शब्द मराठी असल्यासारखे बसलेत. अंबरनाथमध्ये वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली टोकियोतल्या एदोगावा प्रभागातून निवडून आले, ही बातमी शाळेच्या फलकावर तेव्हा लागली होती.

पहिला आराखडा

एप्रिलमधला आराखडा असा होता: मुलींनी किमोनो घालून पंख्यांचा नाच करायचा, मुलांनी सामुराई आणि निंजा व्हायचं, व्हरांड्यात लाल कंदील आणि कागदी ड्रॅगन, स्टॉलवर हक्का नूडल्स आणि मंचुरियन. पोशाखवाल्याकडे चौकशी झाली होती आणि एका पोशाखाचं भाडं पालकांकडून घ्यायचं ठरलं होतं.

यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. शिक्षकांनी जे उपलब्ध असतं ते घेतलं होतं, आणि बाजारात ‘जपान’ म्हणून जे मिळतं त्यातलं निम्मं चीनचं असतं, उरलेलं सिनेमातलं. मंचुरियन तर आपल्याच देशातल्या चायनीज हॉटेलांत जन्मलेला पदार्थ. पण या आराखड्यातली खरी अडचण चुकीच्या कंदिलांपेक्षा मोठी होती. त्यात जपानमधलं एकही मूल नव्हतं. सामुराई होते, गेईशा होत्या, आणि दहा वर्षांचा, दप्तर पाठीला लावून शाळेत चालत जाणारा कुणीच नव्हता. आपल्या मुलांनी कुठल्या देशाला भेटायचं, तर आधी आपल्या वयाच्या मुलांना भेटायला हवं. माझं मत या प्रकरणात तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे.

आराखडा बदलला तो पाचवीच्या वर्गशिक्षिकांमुळे. त्यांची मावसबहीण जपानी भाषा शिकवते. तिला त्यांनी आराखडा दाखवला. त्या ताईंनी तो वाचला आणि एवढंच विचारलं, “हे कुणाला दाखवलंत का? म्हणजे, कुणा जपानी माणसाला?” मग त्यांनीच त्यांच्या ओळखीच्या एका जपानी बाईंना शाळेत आणलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्यात राहायला आलेल्या, दोन मुलांची आई. त्या जपानीत बोलायच्या, ताई मराठीत सांगायच्या. मुलं त्यांना पहिल्या दिवसापासून काकू म्हणू लागली.

काकूंनी आराखड्यावर टीका केली नाही. त्यांनी आपल्या मुलाचा शाळेतला दिवस सांगितला. सकाळी वर्गमित्रांच्या टोळीने चालत शाळेत जायचं. दुपारी जेवण वर्गातच. पाळी असलेली मुलं पांढरे एप्रन, टोप्या आणि मास्क लावून सगळ्यांना वाढतात, आणि सगळ्यांची ताटं वाढून झाल्याशिवाय कुणी घास घेत नाही. मग सफाईची वेळ, पंधरा-वीस मिनिटं. सगळी शाळा एकदम झाडू आणि फडकी घेऊन कामाला लागते. जुलैत तानाबाता हा ताऱ्यांचा सण.

मुख्याध्यापिकांनी तिथल्या तिथे तीन गोष्टी धरल्या: जेवण वाढणं, सफाई आणि तानाबाता. तारीख ठरली ७ जुलै, कारण सणाचीच ती तारीख. बाकीचं सगळं सोडून द्यायचं. नाच गेला म्हणून दोन शिक्षिका नाराज झाल्या, त्यांची नाराजी पुढे बरेच दिवस टिकली.

डावी बाजू वर

पोशाख पूर्ण गेला नाही. काकूंनी स्वतःचा एक युकाता आणला, उन्हाळ्यात घालायचा साधा सुती झगा. त्या म्हणाल्या, पूर्ण किमोनो मला एकटीला नेसता येत नाही, कुणीतरी मदतीला लागतं, आणि वर्षानुवर्षं तो कपाटातच असतो. मुलांना हे ऐकून फार नवल वाटलं. ताईंनी मग मुलींना विचारलं, तुमच्यापैकी किती जणींना नऊवारी एकटीला नेसता येते? एकही हात वर आला नाही.

युकाता दाखवताना काकूंनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा करून दाखवली. आधी उजवी बाजू अंगाला लपेटायची, मग डावी तिच्यावरून घ्यायची. उलट केलं, म्हणजे उजवी बाजू वर आली, तर तो मृताचा पोशाख होतो. अंत्यविधीच्या वेळी देहाला तसा चढवतात. पोशाखवाल्याकडून नमुना म्हणून आणलेला किमोनो शिक्षिकांनी कपाटातून काढला. त्याला वेलक्रो लावलेलं होतं, आणि ते नेमकं उलट्या बाजूला. आराखडा तसाच राहिला असता तर शाळेने स्टेजवर तीस मुलींना मयताचे कपडे घालून नाचवलं असतं, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या काकू टाळ्या वाजवत राहिल्या असत्या.

सहावीतला एक मुलगा लगेच म्हणाला, “आजोबांच्या दहाव्याला गुरुजींनी बाबांना जानवं उजव्या खांद्यावर घ्यायला सांगितलं होतं.” सव्य-अपसव्य त्याला माहीत होतं, शब्द आठवत नव्हता. मरणाच्या वेळी रोजची रीत उलटी करायची, ही कल्पना दोन्हीकडे आहे. ताईंनी ते काकूंना सांगितलं, आणि काकूंनी त्या मुलाला खांद्यावरची ती रीत करून दाखवायला लावली. सगळ्या तयारीत मला सर्वांत मोलाचा वाटला तो हा क्षण: पाहुणीच शिकायला बसली होती.

झाडूवरून झालेली बैठक

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर कार्यक्रमाची माहिती गेली. ‘जेवणानंतर पंधरा मिनिटं विद्यार्थी जपानी पद्धतीने वर्ग व व्हरांडा स्वच्छ करतील’, या ओळीवर गट पेटला. “आम्ही मुलांना शिकायला पाठवतो, झाडू मारायला नाही,” असं एका वडिलांनी लिहिलं आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. शिपाई पगार कशाचा घेतात, मुलांना धुळीने खोकला झाला तर जबाबदार कोण, शाळेने पैसे वाचवायची युक्ती काढली आहे का, असं सगळं येत राहिलं. संस्थेच्या एका सदस्यांनी सुचवलं की सफाई वगळा, फक्त सण करा. मुख्याध्यापिकांनी तसं केलं नाही. त्यांनी शनिवारी दुपारी पालकांना सभागृहात बोलावलं.

या बैठकीबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या मते संस्कृती दिवस खऱ्या अर्थाने इथेच झाला.

व्हॉट्सॲपवर पहिला मेसेज टाकणारे वडील आधी बोलले, तेच बोलले. मग मागच्या रांगेतून एक आई उठल्या. त्या म्हणाल्या, “मी रोज चार घरची फरशी पुसते. माझ्या मुलीवर ती वेळ येऊ नये म्हणून तिला शाळेत घातलं. आणि तुम्ही तिला शाळेतच फडकं देणार?”

पहिल्या वडिलांनी मान डोलावली. वरवर पाहता दोघांचं म्हणणं एकच होतं, पण प्रत्यक्षात ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध होतं. एकाला वाटत होतं की हे काम आपलं नाही. दुसरीला भीती होती की हे काम आपल्याला चिकटलंय ते सुटणारच नाही. पहिल्या आक्षेपाला उत्तर देता येतं. दुसऱ्याला उत्तर देण्याआधी गप्प बसून ऐकावं लागतं, आणि मुख्याध्यापिका गप्प बसल्या हे त्यांचं मोठेपण. एका शिक्षकांनी गाडगेबाबांचं नाव काढलं तेव्हा त्यांनी हाताने थांबवलं. गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू हाती घेत आणि रात्री कीर्तन करत, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत शिकवतात. पण त्यांनी खाली ठेवलेला झाडू दुसऱ्या दिवशी गावात कुणी उचलला, हे कुणी शिकवत नाही. त्या आईंना ते माहीत होतं.

तिसरे बोलले ते महापालिकेत सफाई कामगार असलेले एक वडील. ते चिडले नव्हते. ते म्हणाले, “माझी हरकत नाही. पण कुणाची पाळी कुठे, ती यादी आधी दाखवा.”

वर्गशिक्षिकांनी यादी आणली. हजेरीपटाच्या क्रमाने मुलांचे गट पाडले होते: फळा आणि बाकं, फरशी, व्हरांडा, जिना. वडिलांनी ती उभ्यानेच वाचली आणि जिन्यावर बोट ठेवलं. हा जिना मुलांच्या स्वच्छतागृहाच्या बाजूला उतरतो. त्या गटात जी पाच नावं आली होती, त्यांतली तीन वस्तीतल्या मुलांची होती. बाईंनी मुद्दाम केलेलं नव्हतं. शाळेत वर्षाच्या मध्यात जी मुलं येतात त्यांची नावं हजेरीपटाच्या शेवटी लागतात, आणि वर्षाच्या मध्यात येणारी मुलं बहुतेक वस्तीतलीच असतात. शेवटचा गट म्हणून जिना त्यांच्या वाट्याला आला होता. जात आपल्याकडे अशी हजेरीपटाच्या क्रमातूनही काम करते, कुणाच्या मनात नसताना. ती यादी मागितली नसती तर ७ जुलैला सगळ्यांनी कौतुकाने फोटो काढले असते आणि त्या तीन मुलांनी जे समजायचं ते समजून घेतलं असतं.

यादी तिथल्या तिथे फाडली. चिठ्ठ्या टाकायचं ठरलं, मुलांनीच टाकायच्या, आणि दर आठवड्याला नव्याने.

चाकणच्या एका कारखान्यात लाइनवर काम करणारे वडील नंतर बोलले. त्यांच्या कंपनीत फाइव्ह एसचा फलक आहे, त्यातला तिसरा एस सफाईचा. शिफ्ट संपताना आपापली जागा आपण पुसायची. “आमचे जपानी साहेब येतात तेव्हा तेसुद्धा फडकं घेतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आम्हालाच लाज वाटली. आता नाही वाटत.” या माणसाचं बोलणं गटातल्या पुष्कळ वडिलांना पटलं, कारण तो त्यांच्यातलाच होता आणि पुस्तकातलं बोलत नव्हता.

काकूही आल्या होत्या. त्यांनी एक गैरसमज दूर केला. जपानी शाळेत सफाई कर्मचारी नसतातच, असं इंटरनेटवर सर्रास फिरतं. ते खरं नाही. देखभालीचं काम करणारी माणसं तिथेही असतात. मुलं करतात ती रोजची झाडलोट. स्वच्छतागृहं कुठे मुलं साफ करतात, कुठे करत नाहीत. आणि लहानपणी आपल्याला ही वेळ मुळीच आवडायची नाही, मुलगे झाडूने बेसबॉल खेळायचे, हेही त्यांनी सांगितलं. सभागृहात पहिल्यांदा लोक हसले.

बाहेरच्या देशाने हे उचलण्याची उदाहरणं आहेत. इजिप्तमध्ये २०१८ पासून जपानी धर्तीच्या सरकारी शाळा सुरू झाल्या. त्यांत ‘तोक्कात्सु’, म्हणजे वर्गसभा, पाळीचं काम, सफाई अशा अभ्यासक्रमात धरलेल्या पुस्तकाबाहेरच्या उपक्रमांवर भर आहे. तिथेही सफाईवर पालकांनी आक्षेप घेतलाच होता. घरी कामवाली असते, मुलगा फरशी का पुसेल, हा प्रश्न कैरोत आणि पुण्यात सारखाच विचारला जातो. आपल्याकडे त्यात जात मिसळते, म्हणून तो इथे जास्त जपून हाताळावा लागतो.

सगळ्यांत शेवटी बोलल्या त्या शाळेच्या सफाईच्या मावशी. त्यांना बोलवायचं मुख्याध्यापिकांनी मुद्दाम ठरवलं होतं. नाहीतर ज्यांच्या कामाबद्दल दोन तास चर्चा चालली होती, त्या चहाचे कप गोळा करत दाराशी उभ्या होत्या. मावशी म्हणाल्या, “माझं काम कमी करायला येऊ नका. पण बाकाखाली कागद कोंबता ना, तो काढताना कंबर जाते, ते एकदा काढून बघा.”

ठरलं ते असं. स्वच्छतागृह कुठल्याही मुलाकडे नाही. सफाई कधीही शिक्षा म्हणून द्यायची नाही. शिक्षक आणि मुख्याध्यापिका त्याच वेळी तेच काम करतील, देखरेख करणार नाहीत. दम्याच्या मुलांना झाडण्याऐवजी फळा आणि बाकं. आणि सफाई शिकवतील मावशी. वेळापत्रकात त्या तासापुढे त्यांचं नाव लिहिलं जाईल. चार घरची फरशी पुसणाऱ्या आईंनी मुलीला यात घ्यायचं की नाही, हे ठरवायला वेळ मागितला. तो त्यांना दिला गेला, कुणी आग्रह केला नाही.

सात जुलै

बुरुड आळीतून हिरवे बांबू आणले होते. सकाळपासून पाऊस होता. तानाबाताची कथा ताईंनी सांगितली: वस्त्र विणणारी ओरिहिमे आणि गुरं राखणारा हिकोबोशी, प्रेमात पडून कामं विसरले म्हणून आकाशगंगेच्या दोन तीरांवर टाकलेले, वर्षातून एका रात्री भेटणारे. ही कथा मुळात चीनची. तिथून ती बाराशे वर्षांहून अधिक काळापूर्वी जपानच्या दरबारात पोचली. देशाचा सण म्हणून आपण जे दाखवतो तेही बहुधा कुठून तरी आलेलं असतं, हे मुलांना मुद्दाम सांगितलं ते चांगलं झालं.

विज्ञानाच्या सरांनी हे तारे ओळखीचे करून दिले. ओरिहिमे म्हणजे आपला अभिजित, हिकोबोशी म्हणजे श्रवण. अभिजित सुमारे २५ प्रकाशवर्षं दूर, श्रवण सुमारे १७. जुलैत दोघेही रात्री पूर्वेकडे असतात, पण पुण्यात तेव्हा ढगांपलीकडे काही दिसत नाही. “दिवाळीच्या सुट्टीत अंधार पडला की पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा,” असं सरांनी सांगितलं.

पावसावरून मजेदार चर्चा झाली. जपानमध्येही हा पावसाळाच, आणि पाऊस आला तर दोघांची भेट हुकते, म्हणून तिथली मुलं पाऊस थांबावा यासाठी खिडकीत पांढऱ्या कापडाची बाहुली टांगतात. आपली मुलं पावसाला पैशाचं आमिष दाखवून बोलावतात. पाचवीतल्या एका मुलीने बाहुली करायला ठाम नकार दिला: तिच्या मामाच्या शेतात पेरणी झाली होती.

रंगीत कागदाच्या पट्ट्यांवर इच्छा लिहून बांबूला बांधायच्या असतात. पूर्वी यात मागणं असायचं ते हाताच्या कौशल्याचं, शिवणकाम नीट यावं, अक्षर सुधारावं असं. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढणाऱ्या मुलांना ते समजावून सांगावं लागलं नाही. तरी पट्ट्यांवर जे मनात होतं तेच उतरलं. ‘माझं अक्षर बाईंसारखं येऊ दे.’ ‘पप्पांची नाइट बंद होऊ दे.’ ‘आज्जीला गावाहून इकडे आणा.’ एका पट्टीवर नुसतं ‘सायकल’ लिहिलं होतं, खाली रंगही नमूद केला होता.

जेवणाला जपानी पदार्थ नव्हते, आणि तो निर्णय बरोबर होता. जपानी रस्सा बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाच्या अर्कावर होतो, त्यावरून शाकाहारी घरांमध्ये वेगळाच वाद झाला असता. शाळेत रोज येणारी पोषण आहाराची खिचडीच होती. फक्त वाढणारी मुलं होती, एप्रन आणि टोप्या घालून. जपानमध्ये शाळेतल्या जेवणाची सुरुवात १८८९ साली यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका इथे, बौद्ध भिक्षूंनी चालवलेल्या शाळेत गरीब मुलांसाठी झाली. भाताचे गोळे, भाजलेला खारा मासा आणि लोणचं. खिचडीही गरीब मुलांसाठीच आली होती, आणि म्हणूनच काही घरची मुलं ती खात नाहीत, डबा आणतात. त्या दिवशी डबेवाल्या मुलांनाही पाळीत घेतलं. स्वतः वाढलेली खिचडी त्यांतल्या बऱ्याच जणांनी ताटात घेतली. जेवणाआधी श्लोक झाला, मग मुलांनी ‘इतादाकिमासु’ म्हटलं, जपानमध्ये जेवण सुरू करताना म्हणतात ते. श्लोक ऐकून काकूंनी हात जोडले ते कुणी न सांगता.

मग सफाई. मावशींनी झाडू हातात घेऊन दाखवलं: कोपऱ्यातून दाराकडे यायचं, झाडू उचलून आपटायचा नाही, टेकवून ओढायचा, नाहीतर धूळ उडते आणि परत तिथेच बसते. फडकं पिळताना दोन्ही हात एकाच दिशेने नाही, एक आत आणि एक बाहेर. काकूंनी जपानी पद्धत दाखवली: फडकं जमिनीवर, त्यावर दोन्ही तळवे, कंबर वर, आणि व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत जायचं. मुलांनी याच्या शर्यती लावल्या. मुख्याध्यापिका साडीचा पदर खोचून जिन्यावर बसल्या होत्या, त्यांच्या चिठ्ठीत जिना आला होता. बाकांखालून निघालेला कचरा मावशींनी व्हरांड्यात एका जागी ओतायला लावला आणि सगळ्यांना बघायला बोलावलं. चॉकलेटचे कागद, पेन्सिलीची सालपटं, अर्धवट चपात्या. वर्ग गप्प झाला.

घरकाम करणाऱ्या त्या आईंची मुलगी आली होती. तिने फळा पुसला. फरशीला हात लावला नाही, आणि कुणी लावायला सांगितलं नाही.

एक प्रश्न नववीतून आला, इतिहासाच्या तासाला. जपान्यांनी अंदमान घेतलं होतं ना, तेव्हा तिथल्या लोकांना त्रास दिला, मग आपण त्यांचा दिवस का करतो? १९४२ ते १९४५ अंदमान जपानच्या ताब्यात होतं आणि तिथल्या नागरिकांवर अत्याचार झाले, हे खरं आहे. सरांनी प्रश्न झटकला नाही. त्यांनी तो ६ ऑगस्टसाठी राखला. शाळा दरवर्षी हिरोशिमा दिन पाळते. त्या दिवशी नववीने अंदमान आणि हिरोशिमा दोन्ही मांडलं, आणि धाकट्या वर्गांना सादाको सासाकीबद्दल सांगितलं: बाँब पडला तेव्हा दोन वर्षांची होती, १९५५ साली बारा वर्षांची असताना ल्युकेमियाने गेली, आजारपणात कागदी क्रौंच पक्षी करत होती. क्रौंच पक्षी तानाबातालाच टांगू या, अशी सूचना जूनमध्ये आली होती. काकूंनीच थांबवलं. सणाच्या दिवशी सण असू द्या, म्हणाल्या.

नंतर काय राहिलं

पाचवीच्या दोन्ही तुकड्यांत सफाईची वेळ चालू राहिली, रोजची नाही, शुक्रवारी शेवटची पंधरा मिनिटं. सहावीत दोन महिने चालली आणि घटक चाचणीच्या सुमाराला बंद पडली. सातवीत सुरूच झाली नाही. वर्गशिक्षकांचं म्हणणं होतं की अभ्यासक्रम पुरा होत नाही, आणि त्यांच्यावर खरोखरच स्कॉलरशिपच्या तासांचा बोजा होता. एका वर्गात उशिरा येणाऱ्या मुलांना झाडायला लावल्याचं मावशींनी येऊन सांगितलं. मुख्याध्यापिकांनी ते त्याच दिवशी बंद केलं. ठरलेला नियम मोडला जातोय हे कळायला मावशींसारखं माणूस त्यात असावं लागतं.

पाचवीच्या बाईंच्या वहीत त्यांच्या नोंदी आहेत. बाकांखालचा कचरा कमी झाला, पहिल्या महिन्यात खूपच, नंतर थोडा परत वाढला. मुलं मावशींना नावानिशी ओळखू लागली. वाढण्याची पाळी मात्र सगळ्या वर्गांनी उचलली, कारण त्यात मजा आहे आणि शिक्षकांचं काम हलकं होतं. डबा आणणाऱ्या मुलांपैकी काही आता पाळीच्या दिवशी खिचडी खातात.

‘आम्ही मुलांना शिकायला पाठवतो’ असं लिहिणाऱ्या वडिलांचं मत बदललं नाही. त्यांचा मुलगा दर शुक्रवारी झाडू घेतो.

हिरोशिमात १९९४ च्या आशियाई खेळांच्या वेळी शहरातल्या एकेका लोककेंद्राने एकेक देश वाटून घेतला होता, आणि नागानोच्या १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिकला तीच कल्पना शाळांनी उचलली: एक शाळा, एक देश. त्यांनी तो देश महिनोन्‌महिने अभ्यासला, तिथल्या मुलांशी पत्रव्यवहार केला, खेळाडू आले तेव्हा त्यांना भेटले. आपल्या शाळांनी हे वाचावं. दरवर्षी नवा देश घेण्यापेक्षा एकच देश दोन-तीन वर्षं धरला तर काकूंसारखी माणसं पाहुणे राहत नाहीत, शाळेची होतात. या शाळेत मी ते सुचवलं होतं. संस्थेला दरवर्षी नवा देश हवा आहे.

पुढचा देश

जानेवारीच्या बैठकीत पुढच्या वर्षासाठी जर्मनी आणि कोरिया ही नावं आली. पाचवीच्या बाईंनी नेपाळ सुचवला. शाळेत नेपाळी घरांतली मुलं आहेत. त्यांचे वडील आसपासच्या सोसायट्यांमध्ये रखवालदार आहेत. नेपाळ म्हटल्यावर बैठकीत थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. ज्या देशाकडून नोकरी मिळण्याची आशा असते त्याचा दिवस आपण उत्साहाने करतो. जो देश आपल्या फाटकाशी रात्रभर जागा असतो, त्याला पाहुणा म्हणावं हे आपल्याला सुचत नाही. बाईंना ते सुचलं, याचा मला फार आनंद झाला.

प्रस्ताव मंजूर झाला. या वेळी आराखडा करण्याआधीच त्या मुलांच्या घरी विचारायला बाई आणि मुख्याध्यापिका गेल्या. वडिलांची रात्रपाळी असल्यामुळे भेटीची वेळ दुपारी चारची ठरवली होती. काय दाखवावंसं वाटतं, असं विचारल्यावर एका आईने तिहारचं नाव घेतलं, कार्तिकातला पाच दिवसांचा सण. त्यात एक दिवस कुत्र्याच्या गळ्यात हार घालून त्याची पूजा होते, आणि शेवटी भाऊबीज, आपल्यासारखीच. पण त्याआधी त्यांनी एक अट घातली: शाळेत कुणीही, शिक्षकांनीसुद्धा, मुलाला ‘बहादूर’ म्हणून हाक मारायची नाही. मुख्याध्यापिकांनी ती अट वहीत लिहून घेतली आणि जूनच्या पहिल्या शिक्षक सभेच्या विषयपत्रिकेत पहिला विषय म्हणून घातली.